दाभोळच्या दमट हवेत ओव्हरक्लॉकिंग : प्रोसेसरचा वेग आणि थंडाव्याचा हिशेब

पुण्यात डिसेंबरमध्ये जुळवलेला संगणक ४.६ गिगाहर्ट्झवर रात्रभर बिनतक्रार चालतो. तोच संगणक, त्याच कूलरसकट आणि त्याच सेटिंगवर, मे महिन्यात दाभोळला आणला की दुपारच्या वेळी अडखळू लागतो. व्हिडिओ रेंडर होता होता वेग खाली येतो, कधी स्क्रीन गोठते, कधी संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. प्रोसेसर बदललेला नसतो. बदललेली असते भोवतालची हवा.

दाभोळ वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, खाडी समुद्राला मिळते तिथे आहे. उन्हाळ्यात दुपारी खोलीत तेहेतीस-चौतीस अंश तापमान असणे नेहमीचेच. दाभोळ ज्यात येते त्या दापोली तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. उष्मा, दमटपणा आणि खारेपणा हे तिन्ही संगणकाच्या मुळावर येणारे, आणि ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला ते सर्वांत आधी जाणवतात. परदेशी व्हिडिओ पाहून सेटिंग उतरवून घेणाऱ्या कोकणातल्या मुलांची निराशा होते ती इथेच. म्हणून हा विषय आपल्या हवेच्या अंगाने समजून घ्यायला हवा.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय

प्रोसेसरचे सगळे काम एका ठोक्यावर चालते. त्या ठोक्याला क्लॉक म्हणतात. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे कोटी ठोके. कंपनी प्रोसेसर विकते तेव्हा ठरावीक व्होल्टेज, ठरावीक तापमान आणि अनेक वर्षांचा वापर गृहीत धरून एक वेग निश्चित करते. त्या वेगापलीकडे प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

याचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण १९९८ सालचे आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डवरच्या बसचा वेग गुणिले एक ठरलेला गुणक. त्याचा गुणक ४.५ वर पक्का केलेला होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे. निम्मा वेग फुकटात वाढला. घरी संगणक जुळवणाऱ्यांच्या एका पिढीला ओव्हरक्लॉकिंगची गोडी लागली ती या प्रोसेसरमुळे.

आज इंटेलचे नावात 'के' असलेले प्रोसेसर 'झेड' मालिकेच्या मदरबोर्डवर, आणि एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर योग्य मदरबोर्डवर ओव्हरक्लॉक करता येतात. बायोसमध्ये गुणक वाढवायचा, लागेल तेवढे व्होल्टेज वाढवायचे आणि संगणक टिकतो का ते तपासायचे, एवढीच ही पद्धत. अवघड भाग पुढे येतो. वाढलेली उष्णता न्यायची कुठे?

वेग थोडा, उष्णता फार

प्रोसेसर किती वीज खातो याचे सूत्र सोपे आहे. वेग जितक्या पटीत वाढतो, तितक्याच पटीत वीज वाढते. व्होल्टेज मात्र वर्गाच्या पटीत मोजावे लागते. वेग वाढवला की ट्रान्झिस्टरना तेवढ्या लवकर उघडझाप करता यावी म्हणून बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे दोन्ही वाढी एकमेकींना गुणल्या जातात.

उदाहरणाला आकडे घेऊ. प्रोसेसर ४.० वरून ४.६ गिगाहर्ट्झवर नेला, म्हणजे वेग १५ टक्के वाढला. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले, म्हणजे १० टक्के वाढ. व्होल्टेजचा वर्ग १.२१ पट झाला. १.१५ गुणिले १.२१ म्हणजे साधारण १.३९. आधी ११० वॅट लागत असतील तर आता १५३ वॅट लागतील. पंधरा टक्के वेगासाठी एकोणचाळीस टक्के जास्त वीज. प्रोसेसरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून कूलरवरचा भारही तेवढाच वाढला.

याखेरीज गळतीची वीज असते. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. तापमान वाढले की ही गळती झपाट्याने वाढते. गळती वाढली की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की पुन्हा गळती. शिवाय तापलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मंदावतात, तेव्हा तोच वेग टिकवायला आणखी व्होल्टेज मागितले जाते. ८० अंशांवर स्थिर असलेले सेटिंग ९५ अंशांवर कोसळते ते यामुळेच. याउलट प्रोसेसर थंड ठेवला तर त्याच व्होल्टेजवर थोडा जास्त वेग पेलतो. ओव्हरक्लॉकिंगमध्ये कूलरला प्रोसेसरइतकेच महत्त्व आहे, कारण कूलर प्रोसेसरची कमाल मर्यादाच सरकवतो.

संगणक उद्योगाचीही हीच अडचण झाली. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते की, ट्रान्झिस्टर लहान होत गेले तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरेल आणि उष्णता आटोक्यात राहील. तीसेक वर्षे ते बरोबर ठरले. नंतर गळतीमुळे व्होल्टेज खाली येईना. इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला आणि उद्योग एकाऐवजी अनेक कोअरकडे वळला. सिलिकॉनमध्ये वेगाची ताकद होती, पण ती उष्णता बाहेर काढणे परवडेना.

उष्णता बाहेर कशी जाते

प्रोसेसरची चिप नखाएवढी असते. तिच्यावर धातूचे झाकण, त्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर कूलरचा तांब्याचा तळ. तळातून हीट पाइप निघतात. या तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन उष्णता सोडते, पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपते. दुसऱ्या टोकाला अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत असते आणि फॅन त्यांतून हवा ढकलतो.

या वाटेवर प्रत्येक टप्प्याचा अडथळा असतो. तो 'वॅटमागे किती अंश' असा मोजतात. एकूण अडथळा ०.३५ असेल, तर दर वॅटमागे प्रोसेसर कॅबिनेटमधल्या हवेपेक्षा ०.३५ अंश जास्त तापतो. प्रोसेसरचे तापमान काढायचे तर कॅबिनेटमधल्या हवेच्या तापमानात 'वॅट गुणिले अडथळा' मिळवायचा.

आता आपलाच संगणक घ्या. दाभोळात खोली ३३ अंश आणि कॅबिनेटमधली हवा त्याहून पाच अंश गरम, म्हणजे ३८. मूळ वेगाला ११० वॅट गुणिले ०.३५ म्हणजे साडेअडतीस. प्रोसेसर साडेशहात्तर अंशांवर, काळजीचे कारण नाही. ओव्हरक्लॉक केल्यावर १५३ गुणिले ०.३५ म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न, आणि प्रोसेसर साडेएक्याण्णवला पोहोचतो. हाच संगणक पुण्यात वीस अंशांच्या खोलीत असेल तर कॅबिनेट पंचवीसला आणि प्रोसेसर साडेअठ्ठ्याहत्तरला थांबतो. तेरा अंशांचा हा फरक केवळ गावाचा आणि ऋतूचा आहे.

दाभोळातच थोडा मोठा कूलर लावून अडथळा ०.२५ वर आणला, तर ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसरही साधारण ७६ अंशांवर राहतो, म्हणजे मूळ वेगाला होता तेवढाच. हवा बदलणे आपल्या हाती नाही, पण अडथळा कमी करणे आहे.

फार तापल्यावर प्रोसेसर काय करतो

इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ती ९५ आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग आणि व्होल्टेज खाली आणतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. संगणक बंद पडत नाही, पण ओव्हरक्लॉक करून मिळवलेला वेग हातचा जातो. कधीकधी मूळ सेटिंगपेक्षाही काम उशिरा होते.

आजच्या प्रोसेसरची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंटेलने २००८ मध्ये टर्बो बूस्ट आणले. आता जवळजवळ प्रत्येक प्रोसेसर भार, वीज आणि तापमान पाहून आपला वेग स्वतःच वरखाली करतो. तापमानाला वाव असला की तो थोडा वर जातो. म्हणजे बायोसमधले एकही सेटिंग न बदलता, नुसता चांगला कूलर बसवून आणि धूळ काढून वेग मिळू शकतो. कोकणातल्या वापरकर्त्याला मी हे आधी करायला सांगेन.

सतत तापत राहण्याची किंमत आयुष्याच्या रूपानेही मोजावी लागते. चिपमधल्या बारीक तारांतले धातूचे अणू विद्युतप्रवाहाच्या रेट्याने हळूहळू सरकतात. तापमान आणि प्रवाह जितका जास्त तितकी ही झीज लवकर होते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे बिघाड होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कारखान्यातून आलेल्या सेटिंगचे असे होऊ शकते, तर हाताने व्होल्टेज वाढवताना किती जपून राहिले पाहिजे ते वेगळे सांगायला नको.

खाडीपलीकडचे मोठे यंत्र

दाभोळचे नाव देशभर झाले ते वीजप्रकल्पामुळे. प्रकल्प प्रत्यक्षात खाडीच्या दुसऱ्या तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल परिसरात आहे. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे पुढे प्रकल्प आला. संगणकाप्रमाणेच वायुटर्बाइनच्या क्षमतेवरही भोवतालच्या हवेचा परिणाम होतो. हवा तापली की विरळ होते, टर्बाइनमध्ये तेवढ्याच आकारमानात कमी वस्तुमानाची हवा शिरते आणि निर्मिती घटते. वायुटर्बाइनचा सर्वसाधारण हिशेब असा की, आत जाणारी हवा एक अंशाने तापली तर क्षमता अर्धा ते एक टक्क्याच्या दरम्यान कमी होते. म्हणूनच उष्ण प्रदेशांत काही ठिकाणी टर्बाइनमध्ये जाणारी हवा आधी गार करतात.

दोन्ही यंत्रांत कारणे वेगवेगळी आहेत. टर्बाइनमध्ये हवा हेच काम करणारे माध्यम आहे, प्रोसेसरमध्ये ती फक्त उष्णता वाहून नेते. पण अभियंत्याचा धडा सारखाच आहे. यंत्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता ठरावीक हवेसाठी असते, आणि आपल्या गावची हवा वेगळी असेल तर हिशेब आपल्या हवेने करावा लागतो.

हवेचा कूलर की पाण्याचा

बाजारात दोन पर्याय मिळतात. एक टॉवर एअर कूलर, दुसरा बंद पाण्याचा, ज्याला सगळे 'एआयओ' म्हणतात. एआयओमध्ये पंप पाणी फिरवतो आणि २४० किंवा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ते गार करतो. रेडिएटरचा पृष्ठभाग मोठा असल्याने सलग जड कामात तापमान काही अंशांनी खाली राहते. पाणी उशिरा तापते, त्यामुळे थोड्या वेळाच्या कामात तो विशेष चांगला.

पण एआयओही शेवटी खोलीच्याच हवेने गार होतो. खोली ३३ अंशांची असेल तर त्यातले पाणी ३३ च्या खाली जाऊ शकत नाही. पाण्याचा कूलर लावला म्हणजे उन्हाळा संपला, हा समज चुकीचा आहे.

दाभोळसारख्या ठिकाणी दुरुस्तीचाही विचार केला पाहिजे. एआयओचा पंप बंद पडला तर अख्खा कूलर बदलावा लागतो आणि नवा येईपर्यंत संगणक बंद. टॉवर कूलरचा फॅन बिघडला तर १२० मिलिमीटरचा साधा फॅन चिपळूणच्या दुकानात मिळू शकतो आणि दोन क्लिपांनी बसतो. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या स्टुडिओला ऐन सीझनमध्ये चार दिवस संगणक बंद ठेवणे परवडत नाही. माझे मत स्पष्ट आहे. दीडशे वॅटपर्यंतच्या प्रोसेसरला चांगला दुहेरी फॅनचा टॉवर कूलर पुरतो आणि कोकणात तोच जास्त भरवशाचा.

कुठलाही कूलर घेतला तरी कॅबिनेट कोंडलेले असेल तर उपयोग नाही. समोरून दोन फॅनने हवा आत, मागून एकाने बाहेर, आणि आत येणाऱ्या हवेला धुळीची जाळी, एवढी मांडणी बहुतेकांना पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींमधून धूळ ओढली जात नाही.

दवबिंदू : कोकणातली खरी सीमा

खोलीपेक्षा थंड काही वापरले तर? बर्फाचे पाणी, वीज दिली की एका बाजूने गार होणारी पेल्टियर प्लेट, फ्रीजच्या धर्तीवरचा चिलर, असे प्रयोग अनेक जण करतात. दाभोळात इथे दवबिंदू आडवा येतो.

हवेत जेवढी वाफ आहे तिचे पाणी व्हायला जे तापमान लागते, तो दवबिंदू. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. पावसाळ्यातल्या दाभोळात अशी हवा रोजचीच. म्हणजे कॅबिनेटमधला कोणताही भाग २६ च्या खाली गेला की त्यावर पाणी साचणार. खोलीपेक्षा अवघे चार-पाच अंश थंड केले तरी मदरबोर्डवर थेंब. कोरड्या हवेच्या गावी हाच दवबिंदू दहा अंशांच्याही खाली असू शकतो, म्हणून तिथल्या माणसाला जे जमते ते इथे जमत नाही.

एसी असलेल्या खोलीतही हा धोका असतो. एसी २४ अंशांवर रात्रभर चालला, संगणक बंद होता आणि सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली, तर बाहेरची २६ अंश दवबिंदूची हवा २४ अंशांच्या धातूवर येऊन बसते. हीटसिंकच्या पत्र्यांवर, ग्राफिक्स कार्डच्या मागच्या प्लेटवर बारीक दव दिसते. अशा वेळी संगणक लगेच चालू करू नये. तासाभरात धातू खोलीच्या तापमानाला येतो आणि दव उडून जाते.

पाणी शिंपडून गार हवा देणारा डेझर्ट कूलर संगणकाजवळ ठेवण्याचा मोह टाळावा. दमट हवेत तो फारसा गारवा देत नाही, उलट आर्द्रता वाढवतो. कोकणात एसीचा खरा उपयोग गारव्याइतकाच हवा कोरडी करण्याचा आहे.

खारी हवा आणि धूळ

समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण फॅनने आत ओढले जातात आणि पत्र्यांवर, सोल्डरवर, मेमरीच्या खाचांवर बसतात. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते. त्यापुढे ते हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. मग तो कण वीज वाहून नेणाऱ्या खाऱ्या थेंबात बदलतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दाभोळची आर्द्रता बहुतेक वेळ या सीमेच्या वरच असते.

परिणाम उघड्या डोळ्यांनी दिसतो. दोन पावसाळे न उघडलेल्या कॅबिनेटचा टॉवर कूलर बाहेर काढून फॅनच्या क्लिपा सोडवल्या की, पत्र्यांच्या तोंडाशी राखाडी ओलसर थर चिकटलेला दिसतो. जांभ्याची तांबडी धूळ, कपड्यांचे तंतू आणि मीठ यांचे ते मिश्रण असते. बोटाने ओढले तर पट्टीच्या पट्टी निघून येते. अॅल्युमिनियमवर पांढरी पूड, निकेलचा मुलामा नसलेल्या तांब्यावर हिरवट डाग. हा थर काढला तरी तापमान कित्येक अंशांनी उतरते, एक रुपयाचाही नवा भाग न घेता.

ओव्हरक्लॉक केलेला संगणक या झिजेला लवकर बळी पडतो. मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारे व्हीआरएमचे भाग जास्त प्रवाहाने आधीच तापलेले असतात, आणि धुळीचे पांघरूण त्यांच्यावरही बसते. प्रोसेसरचे तापमान ठीक दिसत असताना संगणक अडखळला तर संशय या भागांवर घ्यावा.

पावसाळ्यात संगणक महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवणे चांगले. चालू संगणकाचे भाग भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहतात, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागाजवळची आर्द्रता उतरते आणि ओल टिकत नाही.

उणे १९६ अंशांवरचे विक्रम

ओव्हरक्लॉकिंगचे जागतिक विक्रम द्रवरूप नायट्रोजनवर किंवा त्याहून थंड द्रवरूप हेलियमवर होतात. नायट्रोजनचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश. एएमडीच्या एफएक्स-८१५० ने २०११ मध्ये ८.४ गिगाहर्ट्झ ओलांडले आणि गिनीज बुकात नोंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलच्या आय९-१३९००के ने प्रथमच ९ गिगाहर्ट्झ पार केले. एवढ्या थंडीत गळती जवळजवळ थांबते, इलेक्ट्रॉन सुटसुटीत वाहतात आणि सिलिकॉनची मूळ ताकद दिसते. काही चिप मात्र फार थंडीत चालूच होत नाहीत. त्याला ओव्हरक्लॉकिंग करणारे 'कोल्ड बग' म्हणतात.

हे प्रयोग काही मिनिटांचे असतात. मदरबोर्डला ओलीपासून वाचवायला व्हॅसलीन किंवा वार्निशचा लेप आणि फोमचे वेष्टण द्यावे लागते. हवेशीर जागा नसेल तर नायट्रोजनमुळे ऑक्सिजन घटून जीव जाण्याचा धोका असतो. घरात हा प्रयोग करू नये.

पुण्यातले महासंगणक

सलग आणि जबाबदारीने वेग मिळवायचा तर काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याचाच 'एका' महासंगणक जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानी होता. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म'मध्ये प्रोसेसरवर थेट पाणी खेळवलेली प्लेट बसवून उष्णता काढली जाते.

या यंत्रांत कुणी प्रोसेसर हट्टाने ताणत नाही. थंडावा नीट ठेवून हजारो कोअर एका वेगावर अखंड चालवतात. संगणक दालनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आत येणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश ठेवायला सांगितले आहे आणि दवबिंदूलाही कमाल मर्यादा घातली आहे. मोठ्या यंत्रांनी तापमान आणि ओल यांचा विचार एकत्र केला. घरच्या संगणकालाही तोच नियम लागू पडतो.

दाभोळात ओव्हरक्लॉक करायचे तर

पहिले, जागा. खाडीकडच्या खिडकीसमोर कॅबिनेट ठेवू नये. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यापेक्षा जांभ्याच्या भिंतींची तळमजल्यावरची खोली बरीच गार राहते. कॅबिनेट कपाटात कोंडू नये आणि जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवावे.

दुसरे, सफाई. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढावी. फॅनची पाती हाताने धरून ठेवावीत, म्हणजे हवेच्या झोताने भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होणार नाही. चिकटलेल्या थरासाठी मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे.

तिसरे, थर्मल पेस्ट. कूलर काढला की जुनी पेस्ट पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. लिक्विड मेटलचा मोह नको. त्यातले गॅलियम अॅल्युमिनियम पोखरते.

चौथे, व्होल्टेज आधी कमी करून पाहावे. अनेक प्रोसेसर कंपनीने दिलेल्यापेक्षा थोड्या कमी व्होल्टेजवरही तोच वेग पेलतात. आपल्या उदाहरणातला प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झवर १.२० ऐवजी १.१० व्होल्टवर टिकला, तर वीज सुमारे १६ टक्क्यांनी घटते आणि तापमान साडेशहात्तरवरून सत्तरच्या आसपास येते. त्यातून मिळालेला वाव प्रोसेसर स्वतःच बूस्टसाठी वापरतो. दमट, उष्ण गावात अंडरव्होल्टिंग हा सर्वांत शहाणा मार्ग आहे.

पाचवे, वेग शंभर-शंभर मेगाहर्ट्झने वाढवावा आणि प्रत्येक पायरीवर सिनेबेंच किंवा प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम अर्धा तास चालवून एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या प्रोग्रॅमवर तापमान पाहावे. संगणक अडला तर व्होल्टेज अगदी थोडे वाढवावे. ८५ अंशांची रेषा स्वतःला घालून घ्यावी.

सहावे, अंतिम चाचणी मे महिन्यात, दुपारी, एसी बंद ठेवून करावी. जानेवारीच्या पहाटे पास झालेले सेटिंग वर्षभराचे मानू नये. बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन करता येतात. एक थंडीचे, एक उन्हाळ्याचे ठेवावे.

सातवे, वीज. ओव्हरक्लॉक केल्यावर वाढलेला भार चांगल्या दर्जाच्या एसएमपीएसला पेलला पाहिजे. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर सुमारे ३६० वॅटच मिळतात. ग्राफिक्स कार्डसह त्यापुढे गेलात तर वीज जाताच यूपीएस हात वर करतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल जाते.

कुणी करावे, कुणी करू नये

झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि हिशेब यांच्यासाठी संगणक असेल तर ओव्हरक्लॉकिंगने काहीही साधत नाही. तिथे एसएसडी आणि मेमरी वाढवण्याने फरक पडतो. व्हिडिओ संपादन, थ्रीडी रेंडरिंग आणि काही खेळ यांत वेगाचा फायदा मिळतो. तिथेही १५ टक्के क्लॉक वाढला म्हणजे काम १५ टक्के लवकर होईलच असे नाही. मेमरी, डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड अडवून धरत असेल तर वाढलेला वेग वाट पाहण्यात जातो. लॅपटॉपवर ओव्हरक्लॉकिंग कोकणात करूच नये. त्याच्या कूलरला वावच नसतो.

शिकणाऱ्या मुलांनी मात्र हा प्रयोग जुन्या संगणकावर जरूर करावा. व्होल्टेज, उष्णता, आर्द्रता, दवबिंदू हे पुस्तकातले धडे एका कॅबिनेटमध्ये एकत्र दिसतात आणि आपल्या गावच्या हवेचे भान येते.

दाभोळात पहिला खर्च कूलरवर आणि सफाईवर करावा, दुसरा प्रयत्न व्होल्टेज उतरवण्याचा, आणि एवढे करून तापमानाला वाव उरला तरच वेग वाढवावा. खोलीपेक्षा थंड करण्याच्या वाटेला इथल्या हवेत जाऊ नये. हा क्रम पाळला तर संगणक वेगानेही चालेल आणि पुढचे कित्येक पावसाळेही काढेल.